अनारशांची पॉलिग्राफ चाचणी

खोटं पकडायचं यंत्र सासुरवाडीला चालवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

अधिक महिना होता. जावयाला अनारशांचं ताट तीन वर्षांतून एकदा मिळतं, ते खायला आम्ही वाशिमहून कामरगावला गेलो होतो. (बायको माहेरपणाला, मी निव्वळ अनारशांसाठी!) सासूबाईंनी ताट समोर ठेवलं आणि तेवढ्यात टीव्हीवर कुणा चोराच्या पॉलिग्राफ चाचणीची बातमी लागली.

"जवाईबुवा, हे पॉलिग्राफ म्हंजे काय असते?" सासऱ्यांनी विचारलं.

मी पडलो मास्तर. उचललेला अनारसा खाली ठेवला आणि सुटलोच! "मूळ ग्रीक शब्द. पॉली म्हणजे अनेक, ग्राफ म्हणजे लिहिणं. पूर्वी नक्कल काढायच्या यंत्राला हे नाव होतं. आपण एका पेनानं लिहायचं, दुसरं पेन सोबत तेच उमटवायचं. नाना विषयांवर भाराभर लिहिणाऱ्या लेखकालाही पॉलिग्राफ म्हणत." (मीही थोडंफार लिहितो, म्हणून इथे जरा खाकरलो. कुणी दखल घेतली नाही.) "आणि आताचं हे यंत्र श्वास, नाडी, बीपी, घाम, सगळ्यांच्या रेघा एकदम ओढतं. माणूस खोटं बोलेल, मशीन नाही!"

"बीपीची मशीन तं आपल्या घरी हाय," मेहुणा म्हणाला.

"पण ते तं निस्तं बीपीच सांगते," सासरे म्हणाले. "बाकीचं कोठून आणता?"

"आपण आहोत ना!" मी माझ्याच दंडाला पट्टा बांधला (हौस ना!), नाडी मेहुण्याच्या हाती दिली, घामावर बायकोला नेमलं आणि श्वासावर सासऱ्यांना. "विचारा काहीही!"

सासूबाई लाजत म्हणाल्या, "माह्या हातचे अनारसे आवडतात नं तुमाले?"

समोर ते ताट. तुपाचा वास, वर भाजलेली खसखस... माझं काळीज उड्याच मारायला लागलं. "खूप!" मी अगदी कळवळून म्हणालो.

"नाडी लय पयून राह्यली!" मेहुणा ओरडला.

"घाम फुटला वो!" बायको.

"श्वास पाहा कसा चालला! अन् बीपी, अरे बापा!" सासरे.

सासूबाईंचा चेहरा पडला. "नाई आवडत तं सरळ सांगाचं नं. खोटं कायले बोलता?" त्यांनी ताट उचललं.

"अहो, मशीन चुकली!"

"तुमीच तं आत्ता सांगतलं, मशीन खोटं बोलत नाई!" सासरे म्हणाले.

बायकोला माझी दया आली. "आई, यायले दोडक्याची भाजी वाढ. आवडते नं वो तुमाले?"

दोडका! लग्न झाल्यापासून तिच्या हातचा दोडका मी डोळे मिटून गिळतो आणि 'छान' म्हणतो. सवयीनं तोंडातून निघालंच, "खूप!"

सगळे माझ्यावर वाकले. नाडी शांत. श्वास संथ. घामाचा थेंब नाही. बीपी तर एखाद्या योग्याचं!

"हे मात्र खरं हाय!" सासूबाई खुलल्या आणि पातेलंच घेऊन आल्या.

मेहुणा माझ्यासमोर बसून माझे अनारसे खात होता आणि मी दोडक्याला 'छान, छान' म्हणत दुसऱ्यांदा वाढून घेत होतो. काय करणार, दंडाचा पट्टा अजून कुणी सोडला नव्हता!