एक लाख पंधरा हजार पाचशे बारा

शाबान महिन्याची सतरा तारीख, रविवार, असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेनंतरची वेळ. आकडा — एक लाख पंधरा हजार पाचशे बारा. हजर चौघे: गादीवाले दगडूभाई पिंजारी, रिक्षावाले सलीमभाई, निवृत्त शिक्षक इनामदार सर, आणि मी. मौलाना गावी गेले होते.

आकडा रुपयांचा नाही. दगडूभाईंनी जन्मभरात न पढलेल्या नमाजांचा आहे. तो मी काढला. माझ्या पेनाने, माझ्या अक्षरात, वहीचं पान फाडून.

एवढं चौघांनाही माहीत होतं. याच्यापुढचं जे आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोला नाही, मौलानांना नाही. अल्लाहला वेगळं सांगायला लागत नाही, हे खरं. पण त्याच्यापुढेही तोंडाने मी ते कधी उच्चारलेलं नाही. तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका.

आधी रीत सांगतो. आमच्यात चुकलेली नमाज मागाहून भरून काढायची असते. तिला कजा म्हणतात. दिवसाच्या पाच, आणि रात्रीच्या नमाजेनंतरची वित्र धरून सहा. ज्याने तरुणपणी वर्षानुवर्षं नमाज सोडली, त्याने बाकी काढावी आणि रोजच्या नमाजेबरोबर एकेक जुनी फेडत जावं. बाकी अंदाजाने काढली तरी चालते. पण मी कोथरूडच्या एका मोठ्या सोसायटीचे हिशेब बावीस वर्षं लिहितोय. अंदाज हा शब्द मला सोसत नाही.

मी स्वतः नमाजेला लागलो चौतिसाव्या वर्षी, वडील गेल्यावर. वयात आल्यापासून नमाज लागू होते; मी पंधराव्या वर्षी आलो. पंधरा ते चौतीस, एकोणीस वर्षं. बाकी निघाली एकेचाळीस हजार सहाशे चाळीस. जाड पुठ्ठ्याची लांब वही आणली, रकाने आखले. एक कजा पढली की एक टिक. पहिली दोन वर्षं — शपथेवर सांगितलं असतं, पण माझ्या शपथेला आता काय किंमत? — पहिली जवळजवळ दोन वर्षं प्रत्येक टिक खरी होती.

शेवटची खरी टिक चार हजार तीनशे बारावी.

त्या दिवशी मार्चअखेर होती. ऑफिसातून उशिरा आलो, चार झाल्या होत्या, दोन राहिल्या. रकान्यात दोन घरं मोकळी दिसत होती आणि मला मोकळं घर बघवत नाही. उद्या भरून काढू म्हणून दोन टिका केल्या. उद्या झालं नाही. मग त्या आठवड्याच्या केल्या, एकदम, रविवारी बसून. मग टिका करणं एवढंच काम उरलं. सहा टिकांना किती वेळ लागतो? पेनाचं टोपण उघडायला लागतो तेवढा.

रोजच्या पाच नमाजा मी सोडल्या नाहीत. पण ते इथे जमेला धरू नका.

कुणाला फसवत होतो मी? ज्याच्यासाठी वही होती, त्याला वही बघावी लागत नाही. दुसरं कुणी ती बघणार नव्हतं. म्हणजे जगात फक्त मीच फसणार, आणि मला तर माहीतच होतं. असं बिनकामाचं खोटं एखादा माणूस सतरा वर्षं का लिहीत राहतो, ते मला अजून कळलेलं नाही.

मग ती बघितली गेली. इनामदार सर घरी आले होते, वही टेबलावर होती. सरांनी पानं उलटली, चष्मा काढला आणि माझा हात धरला. आमच्या मशिदीच्या बाजूच्या खोलीत दर रविवारी बैठक असते. ज्यांना उर्दू वाचता येत नाही त्यांना दीन, म्हणजे धर्म, मराठीतून समजावून सांगायचा, एवढाच हेतू. पुढच्या रविवारी सरांनी मला वही आणायला लावली. हातोहात फिरली. सलीमभाई म्हणाले, "आमचं मीटर बंद पडतं मधनंमधनं. तुमचं एकदाही नाही पडलं!" सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून मौलाना नसले की बैठक मी घ्यायला लागलो.

आता दगडूभाई.

कसबा पेठेत बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान — एक पिंजायचं मशीन, एक काटा, आणि कापसाच्या धुळीने पांढऱ्या झालेल्या भुवया. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी रेहाना मांजरी गावी दिलेली. नमाजेचा आणि त्यांचा संबंध ईदपुरता, आणि महिन्यातून एखाद्या शुक्रवारच्या जुम्म्यापुरता. मी वर्षभर त्यांच्या मागे होतो. येता-जाता स्कूटर थांबवायचो, "दगडूभाई, रविवारी या." ते म्हणायचे, "रविवारी लोकांना गाद्या आठवतात. तुम्हाला मी आठवतो. कमाल आहे."

शेवटी आले. कोपऱ्यात, पायताणांच्या जवळ बसले, उठून जायला सोपं म्हणून. पण पुढच्या रविवारीही आले. सदुसष्टाव्या वर्षी त्या माणसाने नमाजेत म्हणायचं अल्हम्दु आणि कुलहुवल्लाह पाठ केलं — मशिनीवर बसून, एकेक शब्द मोठ्याने घोकत. गिऱ्हाईक आलं तर त्यालाही ऐकवायचे. एकदा मला रस्त्यात अडवून हळूच म्हणाले, "आज फजरला उठलो. कुणी उठवलं नाही, गजर नाही. आपोआप." त्यांचा चेहरा मी तेव्हा नीट बघितला नाही. मला ऑफिसची वेळ दिसत होती.

चाळीस दिवस झाले त्यांना. पाचही वेळा. तो आकडा त्यांनीच मला सांगितला होता, त्या शाबानच्या सतरा तारखेला, बैठकीच्या आधी, वजूला हातपाय धुता धुता. आणि मग बैठकीत त्यांनी विचारलं, "पुढचं चाललंय. मागचं काय?"

मौलाना असते तर काय म्हणाले असते ते मला ठाऊक होतं. तौबा करा, जमेल तेवढं फेडा, तो माफ करणारा आहे. दोन मिनिटांचं उत्तर. मी काय केलं? मी म्हटलं, "काढू या."

सदुसष्ट वजा चौदा; ते चौदाव्या वर्षी वयात आलेले. त्रेपन्न वर्षं. त्रेपन्न गुणिले तीनशे पासष्ट. लीप वर्षांचे तेरा दिवस — तेही मी सोडले नाहीत. गुणिले सहा. त्यातून महिन्याला एक जुम्मा धरून सहाशे छत्तीस वजा. खाली दोन रेघा. एक लाख पंधरा हजार पाचशे बारा. इनामदार सर म्हणाले, "वा, काय बारकाई!" मला बरं वाटलं. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

दगडूभाईंनी कागद लांब धरून वाचला. "रोज सहा फेडल्या तर?"

"त्रेपन्न वर्षांना थोडं कमी."

"म्हणजे एकशेविसाव्या वर्षी मोकळा." कागदाची घडी करून त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली. "वजन बरोबर केलंत. काट्यावर केलंत."

मग मी काय केलं माहीत आहे? धीर यावा म्हणून मी माझी वही दाखवली. तेव्हा वहीत चौतीस हजार नऊशे झाल्या होत्या. म्हटलं, रोज थोडं थोडं केलं की होतं. बघा.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मौलाना गावाहून परतले, त्यांना सलीमभाईंकडून कळलं. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "आकडा कशाला दिलात त्यांना? दार दाखवायचं होतं." मी म्हटलं, त्यांनीच विचारला.

मग मी दुकानात गेलो. मी ज्याच्याभोवती इतका वेळ घिरट्या घालतोय, ते तिथे आहे.

मशीन चालू होतं. मला बघून त्यांनी बंद केलं. "या, हिशेबनीस. बसा. कापूस लागेल कपड्यांना, पण बसा."

नमाज सोडली का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "गादीत सरकी राहिली तर पुन्हा पिंजता येते हो. पण कापूसच नाही, गोणीभर नुसती सरकी, तर काय पिंजायचं? आणलं कुणी तर मी परत पाठवतो." मी काहीबाही सांगत राहिलो — रहमत, दार उघडं आहे, सगळी शिकलेली वाक्यं. त्यांनी ऐकून घेतलं. मग पुढे वाकून, अगदी खालच्या आवाजात विचारलं, "तुमच्या त्या वहीत... इतक्या वर्षांत एकही खोटी टिक नाही? एखादी? माणूस दमतो, झोप येते. माझ्यापुढे बोला, मी कुणाला सांगतोय?"

बघा — त्यांना काय हवं होतं ते मला त्याच क्षणी कळलं. नंतर नाही, त्याच क्षणी. आपल्यासारखाच एक चुकार माणूस त्यांना हवा होता, जो तरीही रोज उभा राहतो. तो त्यांच्या समोर, दीड हातावर बसला होता. मी म्हणायला हवं होतं, दगडूभाई, एखादी नाही, तीस हजार खोट्या आहेत. एवढंच म्हणायचं होतं. ते हसले असते. मला दोन सणसणीत शिव्या दिल्या असत्या. आणि असरला माझ्या शेजारी उभे राहिले असते.

मी म्हटलं, "एकही नाही."

ते मागे सरकले. "मग बरोबर आहे," म्हणाले. "तुमची गोष्ट वेगळी. आपल्याच्यानं नाही व्हायचं." आणि मशीन चालू केलं. मी उठून, बाहेर उभा राहून, कपड्यांवरचा कापूस झटकला.

त्या बैठकीनंतर दोन वर्षं आणि अकरा दिवसांनी ते गेले. मधल्या काळात मी बोळाच्या दुसऱ्या तोंडाने जायला लागलो होतो. जनाज्याला मात्र पुढच्या रांगेत होतो.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर रेहाना घरी आली. मांजरीहून दोन बस बदलून. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने तो कागद काढला. घड्यांवर झिजलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. म्हणाली, "चाचा, हे अब्बूंच्या खिशात होतं. सदरा बदलला की हे नव्या सदऱ्यात. मशिदीत विचारलं तर म्हणाले, अक्षर तुमचं आहे." मग खाली बघून म्हणाली, "ते पढत नव्हते. मी हातापाया पडले. जुम्म्याला नाही, ईदलाही नाही. ईदच्या दिवशी दुकान उघडून बसले होते, शेजारपाजारचे हसायला लागले. मला म्हणायचे, ज्या दुकानाचं दिवाळं निघालं त्याला ईदची काय सुट्टी?"

तिला फिदया द्यायचा होता. गेलेल्या माणसाच्या राहिलेल्या नमाजांपोटी गरिबाला दिलेलं दान. त्यासाठी आकडा लागत होता. मधल्या दोन वर्षांचे त्यात मिळवून द्या, म्हणाली. हिशेब तुमचा पक्का असतो, अब्बू सांगायचे.

मी कागद उलगडला. माझ्या दोन रेघांच्या खाली, पेन्सिलीने, मशिनीवर बसणाऱ्या माणसाच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: ४०. त्याच्यापुढे काहीच नाही.

मला समजायला थोडा वेळ लागला. लीप वर्षांचे तेरा दिवस मी धरले होते. त्यांनी पढलेले चाळीस दिवस वजा करायचे राहिले होते. बैठकीआधी त्यांनी मला सांगितलेले, मोजलेले चाळीस दिवस. वित्र त्यांना तेव्हा येत नव्हती, म्हणजे पाच गुणिले चाळीस, दोनशे नमाजा. त्या माझ्या हिशेबात कुठेच नव्हत्या. त्यांनी ते बघितलं होतं. आणि विचारलं नव्हतं. माझं चुकत नाही, अशी त्यांची खात्री होती. ती मीच करून दिली होती.

रेहाना समोर बसली होती. माझ्या बायकोने तिला चहा दिला. सांगायला याहून सोपी वेळ कुठली? मी सांगितलं नाही. मी पेन काढलं. दोनशे वजा केल्या, सातशे एकेचाळीस दिवसांच्या चार हजार चारशे सेहेचाळीस मिळवल्या. एक लाख एकोणीस हजार सातशे अठ्ठावन्न. ती म्हणाली, "शुक्रिया चाचा. तुम्ही होतात म्हणून."

माझी वही गेल्या वर्षी पुरी झाली. एकेचाळीस हजार सहाशे चाळीस. इनामदार सरांनी बैठकीत पेढे वाटले. मी दोन खाल्ले. बैठक अजून मीच घेतो. सलीमभाईंनीही वही घातली आहे. अधूनमधून मला दाखवतात, त्यात मोकळी घरं असतात, आणि ती दाखवताना त्यांना लाज वाटते. मी म्हणतो, करत राहा. खरी बाकी सदतीस हजार तीनशे अठ्ठावीस. वय त्रेपन्न. ती मी फेडीन असं आता वाटत नाही. सुरू करीन असंही वाटत नाही.

दगडूभाईंचं मशीन भंगारात गेलं. त्याचे रेहानाला आले अकरा हजार दोनशे. ते तिने माझ्याच हाती ठेवले, योग्य माणसाला द्या म्हणून. मौलानांनी त्या साली एका नमाजेमागे सत्तर रुपये सांगितले होते. म्हणजे एकशे साठ नमाजा. दगडूभाईंनी त्या चाळीस दिवसांत स्वतःच्या गुडघ्यांवर पढल्या त्याहून चाळीस कमी. शुक्रवारी जुम्म्यानंतर ते अकरा हजार दोनशे रुपये मी आमच्या बोळात धुणीभांडी करणाऱ्या मुमताजबींना दिले. त्यांनी दोनदा मोजले आणि विचारलं, कुणाच्या नावाने दुआ करू. मी दगडूभाईंचं नाव सांगितलं.