नव्या कूलरला आवाज नाही

आमच्या गल्लीतून सायकलवर जाताना तो कूलर दुरुस्त करणारा खिडकीतल्या कूलरचा आवाज ऐकायचा आणि न उतरताच ओरडायचा, "बाई, पंप सुका चालून राह्यला, पाणी टाका!" घरात बसून आम्हाला जे कळत नसे, ते त्याला रस्त्यावरून कळे. कूलर उघडण्याआधी तो पत्र्यावर तळहात टेकून डोळे मिटायचा. तेव्हा कुणी बोललेलं त्याला खपत नसे.

आमचा आदिलाबाद जिल्हा तुटून निर्मल वेगळा जिल्हा झाला, तशा इथल्या कितीतरी साहेबांच्या बदल्या निर्मलला झाल्या. त्यांचे कूलर याच्याच हातचे. "आता तिकडं कोण ऐकन त्यायले?" एवढंच तो म्हणाला.

पुढच्याच उन्हाळ्यात आमच्या कूलरची मोटर जळाली. मी म्हटलं, आता नवाच घेते.

"काऊन बाई? पत्रा चांगला हाय. मुधोळले एक कूलर पडून हाय, त्याची मोटर आणतो. दोन दिवस थांबा."

मी हो म्हटलं. पण दुसऱ्याच दुपारी उकाडा सोसवेना. जुना दुकानात देऊन मी नवा घेऊन आले.

बोलल्याप्रमाणे दोन दिवसांनी तो दारात उभा राहिला, मोटर फडक्यात गुंडाळून. मी काही सांगायच्या आत त्याने नव्या कूलरवर तळहात टेकला, डोळे मिटले. बराच वेळ तसाच होता.

"चांगला हाय," तो म्हणाला. "आवाजच नाही याले."

अजून तो गल्लीतून जातो. खिडकीपाशी सवयीने सायकल हळू करतो. ऐकू काही येत नाही, तसा पुढे निघून जातो.