अठरा नखं

ती घटना आजही आठवते, कारण तिने मला विसरायची सोयच ठेवलेली नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि खरं सांगायचं तर त्यातले निम्मे आता आठवतही नाहीत. पण चौदा कासवांचा एक किरकोळ गुन्हा डोक्यातून जात नाही. कुणाचं नाव घेणार नाही. चूक माझी आहे, तेवढं कळलं तरी पुरे.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या हद्दीजवळच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. एके दिवशी सकाळची हजेरी आटोपतेय तोच माझा जुना खबऱ्या मागच्या दाराने आत आला.

"साहेब, बाजारात तो मासेवाला काचवाला आहे ना, त्याच्याकडे वीसनखी कासवं आहेत. ढीगभर!"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ज्या कासवाला वीस नखं असतात ते जमिनीतलं गुप्तधन दाखवतं, अशी एक खुळी समजूत आपल्याकडे आहे. भोंदूबाबा अशी कासवं शोधत फिरतात आणि त्यांच्यापायी बिचारी कासवं तळ्यातून चोरीला जातात. त्यामुळे खबर ऐकताच मी उठलो. बनावट गिऱ्हाईक पाठवलं, दोन पंच बोलावले आणि छापा घातला.

काचवाला पन्नाशीचा मुसलमान कारागीर. माशांच्या काचपेट्या स्वतः कापून, जोडून विकायचा. दुकानामागच्या सिमेंटच्या हौदात ताटलीएवढी चौदा कासवं होती. मग सुरू झाली मोजणी. एक हवालदार कासव उलटं धरी, दुसरा पेन्सिलीच्या टोकाने नखं मोजी आणि रायटर लिहून घेई. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. एका कासवाने पंचाच्या अंगठ्याला असा काही चावा घेतला की त्याने बाजारभर बोंब ठोकली. चौदाच्या चौदा अठरानखी निघाली. वीसनखी एकही नाही, पण कासवं तर होती! मी वन्यजीव कायद्याखाली गुन्हा दाखल करून घेतला. कासवांच्या डोळ्यामागे कानाजवळ लाल पट्टा होता, तो मात्र पंचनाम्यात कुणी लिहिला नाही. आम्ही नखं मोजायला गेलो होतो, नखंच मोजून आलो.

चौकशीत मी त्याला समोर बसवलं. "कुठल्या तळ्यातली उचललीस?"

"साहेब, उचलली नाहीत. मुंबईहून पिल्लं मागवायचो, चाळीसगावला गाडीवरून उतरवून घ्यायचो. पिल्लू रुपयाच्या नाण्याएवढं असतं, लोक हौसेने नेतात. दोन-तीन वर्षांत एवढं मोठं होतं, घरात वास सुटतो. मग लोक नदीत टाकायला निघतात. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, नको झालं तर मला परत आणून द्या. ही परत आलेली आहेत, विकायची नाहीत."

"वा रे वा! म्हणजे तू तर संतच निघालास."

"संत कसला साहेब. मैंने ही बेचे थे ना."

मी आवाज चढवला. तो घाबरला, पाणी मागितलं, प्यायला. मग जे बोलला ते मला अजून शब्दान् शब्द पाठ आहे.

"मेरा जो करना है करो साहेब. पण यांना कुठल्या तळ्यात सोडू नका. ही इथली नाहीत, परदेशातली आहेत. काहीही खातात आणि सहजासहजी मरत नाहीत. इथल्यांना जगू देणार नाहीत. तुम्ही नखं मोजलीत ना? अठरा. आता आपल्या तळ्यातल्या कासवाची मोजून या."

"पोलिसांना मोजायला तू शिकवणार?" असं म्हणून मी त्याला आत पाठवला. माझा हिशेब साधा होता. आरोपी मुद्देमाल सोडू नका म्हणतो, म्हणजे त्याला तो सुपूर्तनाम्यावर, कोर्टाला हमी लिहून देऊन, परत हवा असतो. असे शंभर पाहिले होते, म्हणून एकशेएकावाही तसाच वाटला. माणसं ओळखण्याचा माझा फार मोठा लौकिक होता हो!

त्याला जामीन मिळायला अकरा दिवस लागले. तोवर दुकानाला सील होतं. आतल्या माशांना कोण खायला घालणार, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. सील काढलं तेव्हा वास रस्त्यापर्यंत आला. तो पेट्या एकेक करून बाहेर आणून धुवत बसला.

इकडे ठाण्यात कासवं टबात ठेवलेली, त्यातलं एक मेलं तर उत्तर कोण देणार? मी कोर्टात अर्ज केला. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलं, 'सदर कासवे स्थानिक असून ती नैसर्गिक पाण्यात सोडण्यास हरकत नाही.' तज्ज्ञांचा अभिप्राय मागवला होता, पण आला नव्हता. स्थानिक हा शब्द मी कुणालाही न विचारता घातला. परवानगी मिळाली.

हद्दीतल्या एका गावात महादेवाच्या देवळाला लागून जुनं तळं आहे. देवळाची झाडलोट करणारे आबा रोज सकाळी पायरीवर बसून कासवांना कणकेच्या गोळ्या घालायचे. त्यांची कासवं वेगळी, पाठ मऊ आणि नाक पुढे आलेलं. त्यातल्या सर्वांत मोठीला ते म्हातारी म्हणायचे. आबांनी पाण्यावर टिचक्या मारल्या की ती यायची आणि त्यांच्या हातून गोळी घ्यायची. याहून चांगली जागा कोणती, असं मला वाटलं. गाव जमलं, फोटो काढले, आबांनी मला नारळ दिला.

"मोठं पुण्यनं काम कयं साहेब," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, 'कासवांना जीवदान'. ते कात्रण मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

महिन्याभराने अभिप्राय आला. कासवे परदेशी, पाळीव म्हणून विकली जाणारी. ती आपल्याकडच्या पाण्यात सोडू नयेत. खाली एक ओळ होती: परिसरातील तळ्यांत आढळणाऱ्या मऊ पाठीच्या कासवाच्या प्रत्येक पायाला तीनच नखे असतात; आपल्या पंचनाम्यात मात्र प्रत्येकी अठरा नोंदवली आहेत. हातच्या काकणाला आरसा कशाला? पुरावा माझ्याच फाईलच्या पहिल्या पानावर होता.

तरी मी तळ्यावर गेलो. आबांना म्हातारीला बोलवायला लावलं आणि तिचे पाय पाहिले. तीन, तीन, तीन, तीन. बारा. आबा विचारत होते, काय झालं साहेब? मी म्हणालो, काही नाही, सहज.

गुन्हा टिकला नाही, काचवाला सुटला. जप्त केलेलं सामान घ्यायला ठाण्यात आला तेव्हा स्वतःच्या मेलेल्या माशांबद्दल अवाक्षर बोलला नाही. म्हणाला, "साहेब, अजून चौदाच आहेत. आता काढली तर निघतील. मी जाळं लावतो, तुम्ही फक्त गावाला सांगा."

गावाला सांगायचं म्हणजे ज्यांच्याकडून नारळ घेतला त्यांना सांगायचं, की मीच चुकलो. काचेखालचं कात्रण आम्हा दोघांच्या मध्ये होतं. मी म्हणालो, "बघू."

पोलीस ठाण्यात या शब्दाने किती माणसं परत गेली असतील! तोही गेला. अभिप्रायाचा कागद मी फाईलला लावला, पुढे धुळ्याला बदली झाली आणि मी खरंच विसरून गेलो.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी त्या गावात लग्नाला जाण्याचा योग आला. सकाळी तळ्यावर गेलो. पाण्यातल्या प्रत्येक दगडावर कासवं ऊन खात बसली होती, लाल पट्ट्यांची, लहान-मोठी, मोजता येणार नाहीत इतकी. आबा पायरीवरच होते, पण डोळ्यांना आता जेमतेम दिसत होतं. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

"आते बठ्ठा लाल कानना शेतस, साहेब. मन्ही म्हातारी काही येस नही."

तळं सगळं लाल कानांचं झालं, म्हातारी येईनाशी झाली, ते एकट्या त्या चौदांमुळेच असं मी म्हणणार नाही. पाणी घटलं, शेतांतली औषधं तळ्यात उतरली. पण माझा वाटा मला ठाऊक आहे. मी तिथेच आबांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग पलीकडच्या काठाकडे हात करून म्हणाले, "त्याले सांगा."

पलीकडे काचवाला होता. सगळी दाढी पांढरी. पाण्यावर तरंगणारी फळी आणि तिच्यामध्ये जाळीची पेटी असं काहीतरी त्याने स्वतः बनवलं होतं. कासव ऊन खायला फळीवर चढे आणि उतरताना पेटीत पडे. वर्षानुवर्षं तो दर रविवारी येत होता.

माझी जुनी खोड जाईना. "पकडलेली विकतोस का?" तोंडातून निघून गेलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो हसला. "विकली तर पुन्हा कुणीतरी तुमच्यासारखा दयाळू माणूस तळ्यात सोडेल, साहेब. घरी हौद बांधलेत. मरेपर्यंत सांभाळतो."

मी माफी मागितली. त्याने पेटीचं एक टोक माझ्या हातात दिलं.

या गुन्ह्याने मला एवढंच शिकवलं, की संशय आला की आम्ही पुरावा शोधतो, पण पुण्य करताना एक साधा प्रश्नही विचारत नाही. आणि 'बघू' म्हणणाऱ्याने निदान बघायला तरी जावं.

आता वनखात्याची रीतसर परवानगी मी काढून दिली आहे आणि दर रविवारी मीही जातो. कासव हातात आलं की पाठीवरूनच कळतं, नखं मोजायची काही गरज नसते. तरी मी मोजतो, कारण आबा पायरीवर कान देऊन बसलेले असतात.

"बारा नखनं शे का, साहेब?"

"नाही आबा. अठरा."