ओझं देऊन बघणाऱ्या अक्का

कुठलाही बंद पडलेला संगणक टेबलावर आला की अक्का आधी त्याच्या पाठीमागच्या जाळीला नाक लावायच्या. डोळे मिटून दोनदा वास घ्यायच्या आणि मग आणणाऱ्याकडं वळून विचारायच्या, "कोण म्हणालं गेलाय म्हणून?" त्या असं विचारायच्या, की आपणच काहीतरी अफवा पसरवत इथवर आलोय असं समोरच्याला वाटावं.

राजारामपुरीतल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. वय पंचावन्नच्या पुढं, पदर कमरेला खोचलेला, चष्म्याच्या एका दांडीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. त्यांना कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. बोळातली वयानं मोठी माणसंही अक्काच म्हणायची. पूर्वी त्या ट्रान्सफॉर्मरला तारा गुंडाळायच्या एका कारखान्यात होत्या. तो बंद पडल्यावर घरी बसायच्या ऐवजी त्यांनी संगणक उघडायला सुरुवात केली. नवीन गिऱ्हाईक दुकानात डोकावून मालक कुठं गेलेत असं विचारायचं. अक्का मान वर न करता म्हणायच्या, "मालकच बोलतोय, पावणं. आणा हिकडं."

अक्का जैन शेतकऱ्याच्या घरातल्या. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणजे जेवायचं. मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो, डबा उघडायचाच. एकदा एका वकिलाच्या संगणकात मुंग्यांची रांगच्या रांग निघाली. वकील म्हणाले, फवारा मारा आणि मोकळ्या व्हा. अक्कांनी रंगाचा मऊ ब्रश घेतला, खोका दारात नेला आणि अर्धा तास एकेक मुंगी पायरीवर उतरवली. वकील घड्याळ बघत होते. अक्का त्यांना शांतपणे म्हणाल्या, की बिघाड मुंग्यांनी केलेला नाही, तुम्ही केलाय. गेल्या कित्येक वर्षांत एकदाही धूळ झाडलेली नाही.

तुमच्याही गावात असं कुणीतरी असेल, जे हातातली वस्तू टाकून द्यायला तयारच होत नाही. आपण त्यांना हट्टी म्हणतो आणि अडचण आली की नेमके त्यांच्याच दारात जातो. मीही तसाच गेलो.

मी अंध मुलांच्या शाळेत गणित शिकवतो. आमच्याकडं कागदावर ब्रेलचे ठिपके उठवणारं एक जुनं यंत्र आहे. ते एका तितक्याच जुन्या डेस्कटॉपवर चालायचं. नव्या संगणकाला तसली रुंद जोडणी नसते आणि त्याचा प्रोग्रॅमही त्या जुन्यातच होता. दहावीची सराव परीक्षा तीन आठवड्यांवर आली असताना तो डेस्कटॉप बंद पडला. बटण दाबलं की पंखा जरासा फिरायचा आणि थांबायचा.

संस्थेनं एक इंजिनिअर बोलावला. त्यानं पॉवर सप्लाय, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज वाटणारा डबा, बाहेर काढून मीटर लावला. आकडे बरोबर आले. म्हणजे दोष मदरबोर्डमध्ये, आणि त्या जातीचा बोर्ड आता मिळत नाही, असं त्यानं लिहून दिलं. संस्थेच्या सेक्रेटरींनी संगणक आणि ब्रेलचं यंत्र दोन्ही भंगाराच्या यादीत घातली. मुलांनी आता मोबाईलवर ऐकून अभ्यास करावा, असं त्यांचं मत पडलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की ऐकणं आणि वाचणं एकच.

मी खोका स्कूटरच्या पुढ्यात ठेवून अक्कांकडं नेला. त्यांनी वास घेतला, नेहमीचा प्रश्न विचारला. मी इंजिनिअरचा कागद पुढं केला. तो त्यांनी पूर्ण वाचला, घडी करून मला परत दिला. मग सप्लाय सुटा केला, त्याच्या जोडणीतली हिरवी आणि काळी तार एका वाकवलेल्या पिनेनं जोडली. पंखा फिरला. मीटरवर बाराच्या जागी बारा आले, पाचाच्या जागी पाच.

"इंजिनिअर खोटं न्हाय बोलला," अक्का म्हणाल्या. माझा चेहरा पडला असावा. त्यांनी खणातून स्कूटरच्या पुढच्या दिव्याचा एक जुना बल्ब काढला. त्याला दोन तारा जोडलेल्या होत्या. म्हणाल्या, "रिकाम्या हातानं कुणीबी ताठ चालतंय. जरा ओझं देऊन बघू की."

बल्ब जोडताच तो क्षणभर उजळला आणि मग मंद, पिवळट होत गेला. मीटरवरचा आकडा बारावरून साडेनऊवर आला. पंखा रखडायला लागला. बोर्ड धडधाकट होता. त्याला पुरेशी वीजच पोचत नव्हती.

आत साठलेली वीज उतरेपर्यंत अक्कांनी डब्याला हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही. मग उघडून दाखवला. छोट्या डब्यांसारखे, वीज साठवणारे कपॅसिटर ओळीनं उभे होते. सगळ्यांची डोकी सपाट, दोघांची फुगून वर आलेली. ते दोन बदलले. परत बल्ब जोडला, तो पांढराशुभ्र पेटला आणि तसाच राहिला. अक्कांनी तो पाऊण तास पेटता ठेवला. त्यानंतर संगणकात सप्लाय बसवला, आणि तो सुरू झाला.

मी खोका उचलायला गेलो तर अक्कांनी त्यावर हात ठेवला. म्हणाल्या, मी शाळेत येणार, आणि सेक्रेटरींच्या समोर बटण दाबणार. मी म्हणालो, कशाला उगाच, चालू झाला हे पुरे आहे. तेव्हा त्या पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलल्या.

"कारखाना बंद झाला तवा मलाबी असंच लिहून दिलतं. वय झालंय, नवीन काम शिकायची न्हाय. मला कुणी ओझं देऊन बघितलं न्हवतं, सर. नुसतं बघूनच लिवलं."

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या. सेक्रेटरी, मी आणि दहावीचा वर्ग जमला. बटण दाबलं, संगणक सुरू झाला आणि ब्रेलचं यंत्र खडखडायला लागलं. मुलं त्या आवाजानं हसायलाच लागली. सेक्रेटरींनाही बरं वाटलं असणार, पण ते म्हणाले, हे जुनं धूड आणखी किती दिवस चालणार? अक्का म्हणाल्या, "तुमचं-माझं किती दिवस चालणार, ते कुणी लिहून दिलंय का?"

यंत्रातून आलेला पहिला कागद त्यांनी वर्गातल्या एका मुलीच्या हातात दिला आणि मोठ्यानं वाच म्हणाल्या. तिनं बोटं फिरवत वाचलं: दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज नऊ आहे, अंकांची अदलाबदल केली तर नवी संख्या पहिलीपेक्षा सत्तावीसनं मोठी होते, तर मूळ संख्या कोणती?

"ऐकलासा न्हवं, सेक्रेटरीसाहेब? आता सोडवा. कागद न्हाय मिळायचा."

सेक्रेटरी हसले. बेरीज किती म्हणालीस, असं त्यांनी तिला विचारलं. तिनं सांगितलं. मग मोठी कितीनं, असं विचारलं आणि परत बेरीज विचारली. मुलीची बोटं दोनदा ओळीवरून मागं गेली. "छत्तीस," ती म्हणाली. सेक्रेटरींनी खिशातलं पेन काढलं, भंगाराची यादी मागवली आणि त्या दोन ओळींवर स्वतःच्या हातानं काट मारली.

जाताना अक्कांनी तो कागद मागून घेतला. डोळे मिटून ठिपक्यांवर बोटं फिरवली. बराच वेळ फिरवली. मग त्या मुलीला म्हणाल्या, "मला कायबी कळंना बघ. तू हुशार हायस."

गेल्या वर्षी अक्का गेल्या. छातीचं दुखणं होतं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, ती त्यांनी घेतली नाही. दहाव्या दिवशी कागलकडून त्यांचा भाऊ आला, शेतकरी माणूस, आणि त्यानं दुकान उघडलं. एक भंगारवाला काटा घेऊन आधीच दारात उभा होता. आम्ही पाचसात जण आपापल्या वस्तूंसाठी जमलो होतो.

आत प्रत्येक संगणकावर अक्कांच्या अक्षरात चिठ्ठी होती. बिघाड काय, किती काम झालं, पुढं काय करायचं. दुसऱ्या कुणालाही ते काम पुरं करता यावं इतकं स्पष्ट. एकेक जण आपला खोका घेऊन गेला. शेवटी कोपऱ्यातला एकच उरला. त्याची चिठ्ठी पिवळी पडली होती, खोका मात्र लखलखीत पुसलेला. भावानं चिठ्ठी वाचून माझ्याकडं दिली. "झालाय. चालतोय. पावणं न्यायला आलं न्हाईत. इकू नका."

भंगारवाल्यानं काटा पुढं सरकवला. भाऊ त्याला एवढंच म्हणाला, की आमच्यात विकायचं काही नाही. मग तो खोका त्यानं छातीशी धरून टेम्पोपर्यंत नेला आणि मागं न ठेवता पुढं, स्वतःच्या मांडीवर घेऊन बसला.