जाईबाई, ट्रॅक्टर आणि मुशीचं तेल

जाईबाईंना राग यायला कारण लागत नसे. राग आधी येई. कारण मागाहून धापा टाकत येऊन त्याला गाठे. सारसोळ्याच्या जेट्टीवर रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला लांबलांबून माणसं येतात. त्यांतल्या एकाने ‘मावशी, तुमचा ट्रॅक्टर जरा फ्रेमच्या बाहेर घेता का,’ असं अदबीने विचारलं, तेव्हा जाईबाईंनी त्याला जे ऐकवलं ते ऐकून पक्षी उडाले आणि त्या गृहस्थाला आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो मिळाला. त्याबद्दल त्याने आभार मानले, याचाही त्यांना राग आला.

ट्रॅक्टर लहानखुराच होता, बागेच्या दोन ओळींमधून फिरवतात त्या जातीचा. गावातल्या मच्छीमारांच्या मंडळाने तो घेतला होता होड्या ओढायला. ओहोटीला खाडीच्या चिखलातून होडी वर काढायची, डागडुजी झाली की भरतीला पुन्हा पाण्यात लोटायची. पूर्वी या कामाला अर्धा गाव लागे, आणि त्यातला निम्मा नुसत्या सूचना द्यायला. ट्रॅक्टर आला त्या दिवशी तो कोणी चालवायचा यावर पुरुषमंडळींची चर्चा रंगली. जाईबाईंची होडी तिकडे चिखलात रुतलेली. त्या चिडल्या, पदर खोचून वर चढल्या, कुठलीतरी दांडी ओढली आणि होडी बाहेर काढली. चर्चा संपली तेव्हा त्या दुसरी होडी काढत होत्या. तेव्हापासून ती सीट त्यांची. तिच्यावर बसल्या की साठीच्या जाईबाई गावातल्या सगळ्या पुरुषांपेक्षा हातभर उंच होत, आणि ही उंची त्यांना फार आवडे.

मग ट्रॅक्टर डावीकडे ओढू लागला. स्टेअरिंग सरळ धरलं तरी पुढची चाकं आपल्या मनाने वळायची. एका सकाळी ती वळली ती थेट नंदकुमारच्या नव्याने रंगवलेल्या होडीवर. नंदकुमार हा जाळ्यात वाढलेला, कमी बोलणारा गडी. त्याने रंगावरचा ओरखडा पाहिला आणि म्हणाला, “काकी, एकदा डोळं दाखवून घ्या. तवर मी चालवतो.”

झालं. जाईबाईंना त्या क्षणी कळलं की हा माणूस सीटवर टपलेला आहे. मंडळातही कुजबुज सुरू झाली की वय झालं, आता बदल हवा.

त्यांनी नाक्यावरच्या तौहीदला बोलावलं. तौहीद पेणकडचा, बापाची भातशेती सोडून शहरात गॅरेज टाकलेला, कामापेक्षा दुप्पट बोलणारा. तो ट्रॅक्टरखाली उताणा शिरला आणि हातात एक गंजका सांधा घेऊन बाहेर आला. स्टेअरिंगपासून चाकांपर्यंत जो दांडा जातो तो टायरॉड. त्याच्या टोकाला हा गोल सांधा, आणि सांध्यावर रबराची टोपी. टोपी आतलं ग्रीस आत ठेवते, बाहेरचा चिखल बाहेर. ही टोपी फाटली होती, खाडीचा खारा चिखल आत गेला होता आणि सांधा झिजून खिळखिळा झाला होता.

“मावशी, तुमचा हात सरळच हाय,” तौहीद म्हणाला. “चाकंच तुमचं ऐकत नाय.”

हा निकाल जाईबाईंनी जेट्टीवर प्रत्येकाला थांबवून सांगितला. दोनदा भेटलेल्याला दोनदा सांगितला.

तौहीदने नवे सांधे बसवले, चाकं जुळवली आणि बजावलं की काम संपलं की गोड्या पाण्याने धुवा, ग्रीस भरत राहा आणि टोपीला जपा. जाईबाईंनी सगळं ऐकलं, आणि ‘जपा’ या शब्दावर त्या आपल्या मार्गाने गेल्या. त्यांच्या बापाने होडी जपली होती ती मुशीच्या तेलाने. मुशी माशाचं ते काळपट, उग्र तेल लाकडाला चोपडलं की खारं पाणी लाकडाच्या वाटेला जात नाही. बाप गेला, होडी राहिली. मग रबर काय लाकडाहून मोठं लागून गेलं? घरच्या डब्यातलं तेल काढून त्या रोज संध्याकाळी टोप्यांना मनापासून चोळू लागल्या. सून मोनाली म्हणाली, “आई, रबराला तेल लावतात का?” तिला होडी, बाप आणि आजकालच्या मुली या तिन्ही विषयांवर ऐकावं लागलं.

थोड्याच दिवसांत टोपी फाटली. जाईबाई ती घेऊन गॅरेजवर गेल्या आणि तौहीदने हलका माल बसवला असं भर रस्त्यात जाहीर केलं. तौहीदही काही कमी नव्हता. असली कंपनीचा माल आहे, हवं तर खोका दाखवतो, असं त्याने रस्त्याच्या पलीकडच्या लोकांनाही ऐकवलं. टोपीला वास येत होता. पण जेट्टीवरून आलेल्या कुठल्या वस्तूला येत नाही? त्याने ती उजेडात धरली.

“हे झिजलेलं नाय, मावशी. फाडलंय कोनीतरी.”

कोणीतरी! जाईबाईंना तेवढंच हवं होतं. जाळं सांधायची सुरी कमरेला लावून कोण फिरतो? सीट कोणाला हवी आहे? मंडळाची बैठक जेट्टीच्या शेडमध्ये भरली तेव्हा त्या उठल्या आणि सगळ्यांसमोर नंदकुमारकडे बोट दाखवलं. कोणीतरी पुरावा विचारला. पुरावा मागणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटला.

“दुसरं कारन निघालं तर ही चावी याच्याच हातात देईन न सीटवरून उतरंन,” त्या म्हणाल्या. “आईशपथ.”

नंदकुमार एवढंच म्हणाला की मी कापलं नाही. पण जो तो म्हणाला, जाईबाई सीटवरून उतरायची शपथ घेतात म्हणजे त्यात काहीतरी असणारच. ठरलं की कबूल होईपर्यंत नंदकुमारच्या होडीला ट्रॅक्टर लावायचा नाही. त्याच्या होडीची तळाची फळी नेमकी तेव्हाच सुटली होती; ती चिखलात तशीच पडली. प्रत्येक भरतीला ती पाण्याने भरे आणि प्रत्येक ओहोटीला तो एकटा बादलीने उपसत बसे.

तौहीदने पुन्हा नवी टोपी बसवली. आता चोराला रंगेहाथ पकडायचं म्हणून जाईबाई भर दुपारी एका उपड्या होडीमागे वल्हं घेऊन दबा धरून बसल्या. चोर आला. तो नंदकुमार नव्हता. तो हवालदार होता, म्हणजे जाईबाईंचाच कुत्रा, त्यांच्या हाताने माशांची डोकी खाऊन गुबगुबीत झालेला. तो ट्रॅक्टरखाली अगदी तौहीदसारखा उताणा शिरला, तेलात मुरलेली टोपी पुढच्या दातांत धरली आणि डोळे मिटून, गणपतीतला मोदक खावा तशी चवीने ओढू लागला.

जाईबाईंनी रागवायला आजूबाजूला कोणी आहे का पाहिलं. कोणी नव्हतं. हवालदाराने शेपटी हलवली.

त्या दिवशी घरात त्या काहीच बोलल्या नाहीत. मोनालीने घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. बाई विचार करत होत्या, आणि ही सवय नसल्याने दमल्या होत्या. पाहिलं कोणी? कोणीच नाही. तेल लावणं बंद करायचं की कुत्रा आपोआप गप्प. सीट राहील. नंदकुमारचं काय, तो धडधाकट आहे, आणखी थोडे दिवस उपसेल पाणी.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्या जेट्टीवर आल्या तेव्हा नंदकुमार गुडघाभर चिखलात बादली मारत होता. वर चहाच्या टपरीवर चौघे बसले होते. एकजण म्हणाला, “सुरीनं काप की पानी आता.” बाकीचे हसले. दुसऱ्याने भर घातली की याचा बापही असाच आतल्या गाठीचा होता. हा बाप जाईबाईंच्या होडीवर जन्मभर राबला होता, आणि आतल्या गाठीचा तर सोडाच, त्याला लंगोटीची गाठ नीट मारता येत नव्हती. जाईबाईंच्या कानशिलाची शीर उडाली. आयुष्यात पहिल्यांदा राग आणि कारण एकाच वेळी आले होते, आणि ते कारण त्या स्वतःच होत्या.

“थोबाडं मिटा रे,” त्या टपरीकडे वळून म्हणाल्या. “कुत्र्यानं खाल्ली टोपी. माज्या कुत्र्यानं. मीच तेल लावलं तिला, मुशीचं. काल मी बगितलं न गप ऱ्हायले. आता माज्यावर हसा.”

 हसायची छातीच कोणाची नव्हती. त्या तशाच चिखलात उतरल्या, नंदकुमारच्या ओल्या हातावर चावी ठेवली आणि बाजूला झाल्या. नंदकुमारने ती परत पुढे केली.

“काकी, ऱ्हाऊ द्या.”

“ऱ्हाऊ कशी द्या? आईशपथ काय बाजारातली हाय? चढ वर.”

तो चढला. त्याने आधी स्वतःची होडी ओढली, वाकडीतिकडी, दोनदा बंद पाडत. जाईबाई काठावर उभ्या राहून पदर चावत होत्या. त्यांनी एकही सूचना दिली नाही. 

मंडळाने नंदकुमारलाच कायम केलं. तौहीदने टोप्यांवर वाकवलेल्या जाड पत्र्याच्या ढाली ठोकल्या आणि मुशीच्या तेलाचं ऐकल्यावर एवढा हसला की जाईबाईंनी त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला. पण ट्रॅक्टरच्या पोटाखाली त्यांनी दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. काम संपलं की गोड्या पाण्याचा पाइप आणि ग्रीसगन घेऊन त्या स्वतः खाली बसतात, एकेक सांधा धुतात, ग्रीस भरतात, टोपी बोटांनी चाचपतात. हवालदार लांब बसून बघतो.

परवा नंदकुमारने सीटवरूनच वाकून विचारलं, “काकी, सरळ चालवतो ना आता?”

“चाकं सरळ हायत,” जाईबाई खालून म्हणाल्या. “तेवडं माजं. वरचं तुजं तू बग.”