गुंडाप्पाची पाठ

तेरखेड्यात कुणालाही विचारा, गुंडाप्पानं सिनेमाच्या हिरोईनला फटाक्यांच्या उजेडात मिठीत घेतलं आणि अंधार पडल्यावर तिच्याच गाडीत बसून तो पसार झाला. सकाळी परत आला तो एकटाच, आणि कुणाच्या नजरेला नजर देईना. ही कुजबूज किल्लारीच्या भूकंपाच्या दुसऱ्या वर्षीची. माणसं म्हातारी झाली, कुजबूज मात्र अजून ताठ चालते. मी तिला कधी खोटी म्हटलं नाही, खरीही म्हटलं नाही. पण चहा पिताना तिच्याशिवाय साखर कमी वाटायची, एवढं कबूल.

गुंडाप्पा म्हणजे आमच्या गावचा दारूकामवाला. दारू म्हणजे पिण्याची नव्हे, उडवायची. आभाळात जाऊन फुटणारा औटगोळा भरावा तर त्यानंच. भुवया कधी पुऱ्या वाढल्या नाहीत, आणि उजव्या हाताच्या करंगळीला नख नाही. शेजारी तोफ उडाली तरी हा कान झाकत नाही, फक्त वारा कुठून येतो ते बघतो. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. असल्या माणसावर हिरोईन पळवल्याचा आळ यावा, यातच निम्मी गंमत.

त्याच्या घरातल्या दारूकामाला शिस्त घातली ती त्याच्या आईनं, त्याच्या अव्वानं, चन्नम्मानं. शेडमध्ये पाऊल टाकण्याआधी बायकांनी जोडवी, पाटल्या, बांगड्या सगळं उतरवायचं. धातू घासला तर ठिणगी, काच फुटून कच दारूत मिसळली तरी धोका. बाकीच्या शेडमध्ये हे सगळं एका पाटीत काढून ठेवतात. चन्नम्माला ते पटायचं नाही. सवाष्णीचं लेणं अंगावरून उतरलं तरी अंगाशीच राहिलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. म्हणून तिच्या घरच्या बायका ते पदराच्या टोकात घालून गाठ मारायच्या आणि तो पदर कमरेला खोचायच्या. चालताना ती गाठ मांडीवर आपटायची. गावातल्या बायका हसायच्या, "चन्नम्माच्या घरात बाया आन् शेळ्या, दोगींना बी घंटा!"

आता तो सिनेमा. नाव 'काडीमोडाचे पेढे'. एक भांडखोर जोडपं कोर्टात जाऊन वेगळं होतं. नवरा खुशीत येऊन फटाके उडवतो, बायको घाबरून मागून त्याची कंबर धरते, आणि मग दोघांना कळतं की आपलं एकमेकांवाचून चालत नाही. लोकांना नुसतं हसवायचं म्हणून केलेला सिनेमा. फटाक्यांचा हा शेवट घ्यायला मंडळी तेरखेड्याच्या माळावर आली. हिरो शहरातला. पहिला औटगोळा वर गेला तसा तो जीपखाली गेला. मग त्याचा पांढरा शर्ट गुंडाप्पाला घातला आणि पाठमोरं चित्र घ्यायचं ठरलं.

गर्दीत उभं राहायला बायका पाहिजेत म्हणून ती मंडळी घरोघर फिरली, तेव्हा गुंडाप्पाचा बाप वीरप्पा ओट्यावर बसून गरजला होता, "आमच्या घरची बाई त्या डबड्यापुढं हुबी राह्यली, तर त्याच दिशी तिला माहेरची वाट." वीरप्पा बोललेलं करणारा माणूस होता. त्यामुळं गुंडाप्पाची बायको सिताबाई त्या दिवशी भूमला बहिणीकडं गेली, असं सगळ्यांना सांगण्यात आलं.

दोरीच्या पलीकडून गावानं काय पाहिलं? धूर, उजेड, पांढरा शर्ट, आणि त्याच्या कमरेला मागून विळखा घातलेली लाल साडी. नंतर तीच लाल साडी डोक्यावरून पदर घेऊन जीपमध्ये, आणि शेजारी गुंडाप्पा. शेजारची दैवशाला तेव्हा कडुलिंबावर चढून बघत होती. खाली उतरेपर्यंत तिची गोष्ट तयार होती.

सिनेमा आठवडाभर चालला. भूमच्या तंबूत आला तर शेवटचं रीळ बार्शीतच राहिलं. म्हणजे ज्यासाठी अख्खं गाव गेलं, तेच कुणाला दिसलं नाही. गोष्ट दैवशालाचीच राहिली.

त्याची किंमत मात्र मोठी होती. चन्नम्मा त्या दिवसापासून लेकाशी बोलली नाही. एक शब्द नाही. घर एक, चूल एक, आणि आई भिंतीला सांगते, "म्हणावं, जेवून घ्या." भिंतीकडून गुंडाप्पा ऐकतो आणि जेवतो. उलट सुनेला तिनं किल्ल्या दिल्या. "असल्या नवऱ्यासंगं नांदलीस, वाघीण हायेस तू," म्हणाली. तेव्हापासून किल्ल्या सिताबाईच्या कमरेला. वीरप्पा गेला, चन्नम्मा नव्वदीला टेकली, पण अबोला तसाच. गेल्या उन्हाळ्यात आजारी पडली तेव्हा तिनं मला बोलावून साक्षीदार केलं, "तात्या, ध्यानात ठेवा. माज्या मातीला त्याचा हात लागायचा न्हाय." आमच्या लिंगायतांत पुरतात. लेकानं माती द्यायची नाही म्हटल्यावर त्याला या घरात लेक तरी कोण म्हणणार? गुंडाप्पा दारात उभा होता. त्यानं ऐकलं आणि वारा बघायला बाहेर गेला.

आणि दिवाळी उलटल्यावर टपालानं ती डबी आली. सिनेमा काढणाऱ्याच्या मुलानं जुनी रिळं धुऊन-पुसून डीव्हीडी काढली होती. घरबसल्या बघा, संपूर्ण, शेवटासकट. मदत केलेल्यांना एकेक फुकट. डबीवर चित्र तेच, दोन पाठी आणि वर भुईनळ्यांचा पाऊस. पाठींच्या खालचा भाग सिनेमाच्या नावानं झाकलेला. पोस्टमननं डबी दिली दैवशालाच्या हातात. मग काय, गुंडाप्पाच्या घरी पोचायच्या आधी ती चार ओट्यांवर बसून आली.

"सितावैनी, आली बगा तुमची सवत, पाकिटात बसून!" असं म्हणत तिनं डबी चन्नम्माच्या मांडीवर ठेवली.

म्हातारीनं ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. मग भिंतीला म्हणाली, "हे लावा म्हणावं. मी बघनार."

सिताबाई भाकरी थापत होती. थाप थांबली.

"आत्याबाई, कशाला आता जुनं उकरायचं?"

"जुनं न्हाय. माझी माती अजून पडायचीय. ऐकलेल्यावर मी लेक टाकला. आता बघून ठरवीन. खोटं निघालं तर बोलीन. खरं निघालं तर तात्यांना सांगितलंय तेच."

डीव्हीडी लावायचं यंत्र आता कुणाकडं असतं? मला वाटलं, वेळ जाईल आणि म्हातारी विसरेल. पण दैवशाला आहे ना. भूमला रणधीर म्हणून लग्नाचं शूटिंग करणारा आहे. त्याच्या दुकानात जुनं यंत्र होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो एसटीतून ते पिशवीत घालून हजर.

गुंडाप्पानं त्याला अंगणातच गाठलं. मी ओट्यावर पान जुळवत होतो, सगळं ऐकू आलं.

"रणधीर, चकतीवर वरखडा पडलाय म्हण. चालत न्हाय म्हण."

"काका, कोरी चकती हाय. वरखडा कुठनं आणू?"

"माज्याकडं खिळा हाय."

"काका!"

गुंडाप्पाला घाम सुटला होता. तोफेला न भिणारा माणूस एका चकतीला भीत होता. मी मनात म्हटलं, म्हणजे खरंच होतं तर! चिडवायची एवढी सोन्यासारखी संधी, पण त्याचं तोंड बघून माझ्या तोंडातलं पानच कडू झालं.

"गुंडाप्पा, न्हाई म्हणून टाक सरळ," मी म्हटलं. "तुझंच घर हाय."

तो हळू आवाजात म्हणाला, "तात्या, न्हाई म्हटलं तरी माती गेली, आन् दावलं तर..." स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिला.

सिनेमा सुरू झाला. चन्नम्मा खुर्चीत, अगदी टीव्हीला नाक लावून. दैवशाला तिच्या पायाशी. सिताबाई दाराच्या चौकटीला टेकून, अर्धी आत, अर्धी बाहेर. गुंडाप्पा उंबऱ्यावर, टीव्हीकडं पाठ करून. चित्र इतकं लख्ख की हिरोच्या नाकावरची पावडर मोजावी. हिरोईनच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या, भांडताना त्या खळाखळा वाजायच्या. नवऱ्यावर लाटणं उगारलं की खळखळ, कोर्टात सही केली की खळखळ. एरवी मी पोट धरून हसलो असतो. त्या खोलीत कुणीच हसलं नाही. फक्त रणधीर एकदा खुदकन हसला आणि सगळ्यांनी बघितल्यावर खोकला.

वकिलानं पेढे वाटले. मग आमचा माळ दिसला. दैवशाला उठून उभीच राहिली.

"आता बगा! आता, आता!"

धूर आला. पांढरा शर्ट वाकला आणि वातीला काडी लावली. लाल साडी पळत आली आणि मागून कमरेला विळखा घातला. भुईनळे फुटले, सगळा पडदा पिवळा झाला. त्या पाठीवर बाईचा गाल टेकलेला, इतका निवांत की जणू रोजचीच जागा.

"धरलं का न्हाय?" दैवशालानं टाळी वाजवली. "म्या काय खोटं सांगत हुते?"

उंबऱ्यावरची पाठ अजून वाकली. वाटलं, संपलं. त्याची माती गेली.

"थांबव," म्हातारी म्हणाली.

रणधीरनं चित्र थांबवलं. ती उठली. काठी न घेता उठली, हे मी कितीतरी दिवसांनी पाहिलं. टीव्हीपाशी जाऊन तिनं काचेवर बोट ठेवलं.

"मघा हिच्या हातात कोपरापातूर बांगड्या हुत्या. हितं हात मोकळं."

"काडीमोड झाला न्हवं, चन्नम्माकाकू," दैवशाला म्हणाली. "म्हणून उतरवल्या आसतील."

म्हातारीचं बोट खाली सरकलं. लाल पदर कमरेला खोचलेला होता, आणि त्याच्या टोकाला, मांडीपाशी, लिंबाएवढी गाठ लोंबत होती.

"आन् ही?"

दैवशालानं डोळे बारीक केले. "कसली गाठ म्हणायची ती?"

त्या गाठीला कधीकाळी हसलेली दैवशालाच ती ओळखेना, कारण तिच्या शेडमध्ये पाटी असते आणि तिची नजर अजून विळख्यावरच होती. चन्नम्मा हळूच वळली. सिताबाईचा हात आपसूक स्वतःच्या पदराच्या टोकावर गेला होता. ते बघून तिनं तो मागं घेतला, पण उशीर झाला होता. दोघी सासू-सुना एकमेकींकडं बघत राहिल्या.

"कसली का आसंना," म्हातारी म्हणाली. "बंद कर ते. दैवशाला, घरी जा. तुजी म्हस आरडतीय."

"म्हस न्हाई आरडत..."

"आरडंल."

दैवशाला गेली. रणधीर वायरी गुंडाळू लागला. चन्नम्मानं सुनेपुढं हात पसरला. "सिता, किल्ल्या."

सिताबाईनं कमरेच्या किल्ल्या काढून दिल्या. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. म्हातारीनं त्या मांडीखाली घातल्या आणि वर बसली. मग तिनं भिंतीकडं बघितलं. सवयीनंच. तिथून मान वळवून ती उंबऱ्याकडं बघत म्हणाली, "गुंड्या, तांब्याभर पानी दे."

गुंडाप्पा उठला नाही. त्याला वाटलं, कुणा दुसऱ्याला म्हटलं. तीस वर्षांत त्याला कुणी गुंड्या म्हटलं नव्हतं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, "आरं, तुलाच." तेव्हा तो उठला, आणि तांब्या इतका काठोकाठ भरून आणला की निम्मं पाणी फरशीवर सांडलं.

किल्ल्या त्या दिवशी म्हातारीच्या मांडीखालीच राहिल्या. रात्री सिताबाईचा हुंदका ऐकला असं दैवशाला सांगते, पण दैवशालाचं काय घेता. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा किल्ल्या परत सुनेच्या कमरेला होत्या. चन्नम्मा तिला म्हणत होती, "सोंग घ्यायचं तर धड घ्यावं. त्या बाईच्या बांगड्या कशाला उतरवायच्या?" सिताबाई खाली बघून म्हणाली, "आत्याबाई, दारूपाशी जायचं म्हटल्यावर हात आपोआप चालला." म्हातारी हसली की खोकली ते मला कळलं नाही.

गुंडाप्पाला मी शेडमागं गाठलं. म्हटलं, "लेका, बाप तर कधीच गेला. त्यानंतर तरी बोलायचं हुतंस."

तो वारा बघत होता. म्हणाला, "तात्या, अव्वा माज्यावर रुसली तरी मी ह्याच घरात राहनार हुतो. हिच्यावर रुसली असती तर हिनं कुटं जायाचं?"

गावात मी अजून काही बोललेलो नाही. हिरोईनची गोष्ट मोडली तर लोकांनी चहाला काय घ्यायचं? पण इथं लिहून ठेवतो. हिरोईन औटगोळ्याला भिऊन गाडीतून उतरलीच नव्हती. तिची लाल साडी नेसून गुंडाप्पाची कंबर धरून उभी होती ती सिताबाई, त्याची लग्नाची बायको. जेवण घेऊन माळावर आली होती. अंधार पडल्यावर जीपमध्ये त्याच्या शेजारी बसली तीही सिताबाईच. ती जेवण देऊन परस्पर बहिणीकडं गेली, असं घरी सांगायचं ठरवून त्यानं तिला भूमला सोडलं आणि तो सकाळी एसटीनं परत आला.