होड्या किनाऱ्याला असताना

बी.ए. होऊन मी रत्नागिरीला परतलो, तेव्हा आमच्या फुटबॉल क्लबचे हंगामी पास कुणी घेत नव्हते. यंदाही खपले नाहीत तर क्लब बंद करायचे ठरले होते. मी पहिला पास वडिलांपुढे धरला. मासेमारीच्या होडीवर तांडेलकी, म्हणजे खलाशांची म्होरकी, करून त्यांनीच मला शिकवले होते. ते हसले.

“तुमचे सामने थंडीत, तेव्हा आम्ही दर्यात. पास काय बांगड्यांना दाखवू?”

आम्ही सामने पावसाळ्यात घेतले. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, माणसे घरी. वडिलांनी आपल्या सगळ्या खलाशांना पास घ्यायला लावले. मग मोहल्ल्यातून, बाजारातून मागणी आली. पास दुसऱ्यांदा छापावे लागले. मैदानाभोवती छत्र्यांना जागा पुरेना. क्लब बंद करण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.